सव्वापट सरकलेल्या खुणा

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका आरती मंडळाचं ध्वनिमुद्रण आणि त्यात झालेला मार्करचा, म्हणजे मुद्रणात जागा लक्षात ठेवायला टाकलेल्या खुणांचा, घोटाळा, असं हे प्रकरण आहे. गाव, मंडळ आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. आकडे मात्र बदललेले नाहीत, कारण या प्रकरणातली सगळी मजा, आणि सगळा मनस्तापही, आकड्यांतच आहे.

पार्श्वभूमी

चवथीला (गणेशचतुर्थीला) महिनाभर असताना मंडळाचे मास्तर माझ्याकडे आले. गावात त्यांना सगळे मास्तर म्हणतात, मीही म्हणतो. त्यांना अकरा आरत्या मुद्रित करून हव्या होत्या. घुमट (मातीच्या मडक्याला कातडं लावलेलं वाद्य), शामेळ (काठ्यांनी वाजवायचं चर्मवाद्य), कासाळे (झांजा), साथीला पेटी, आणि दहाबारा गळे. मुंबई-पुण्याला नोकरीला असलेली पोरं चवथीला घरी येतात, चार दिवस आरतीला उभी राहतात, पण अंतऱ्याला गडबडतात. त्यांना आधीच फोनवर ऐकता यावं, शिवाय आवाठातल्या (वाडीतल्या) लहान मुलांना सरावाला तुकडे तुकडे मिळावेत, असा त्यांचा साधा विचार होता.

स्टुडिओत घुमट मला कधीच धड पकडता आलेलं नाही. माझी खोली आठ बाय दहाची, भिंतींना फोम. त्यात घुमटाचा खालचा घुमारा मरतो आणि वरची टपटप तेवढी उरते. म्हणून देवळाच्या सभामंडपात रात्री मुद्रण करायचं ठरलं. आठ चॅनलचा इंटरफेस, लॅपटॉप, आठ माइक. माझ्यासोबत माझ्याकडे शिकणारा एक मुलगा होता. मार्कर टाकायचं काम त्याचं.

पावसाळ्यात घुमटाचं चामडं सैल पडतं. पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळालं, आणि आता बकऱ्याचं कातडं लावतात. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला तो या बदललेल्या घुमटालाच म्हणायचा. बकऱ्याचं असो की कशाचं, श्रावणातल्या दमट हवेपुढे ते दोन आरत्यांच्या वर टिकत नाही. मग वादक घुमट घेऊन मागे जातात, शेगडीवर शेकवतात, बोटाने ठोकून बघतात, पुन्हा शेकवतात. या मधल्या वेळात मुद्रण थांबवू नकोस, असं मी मुलाला सांगितलं होतं. थांबवलं की पुन्हा सुरू करायला विसरतो माणूस, हा माझा अनुभव आहे.

त्यामुळे हाती आलं ते एकच सलग मुद्रण. रात्री १० वाजून ४० मिनिटांनी सुरू केलेलं, २ तास ३८ मिनिटांचं. त्यात आरत्या, शेकवण्याची विश्रांती, चहा, खोकले, पाऊस, आणि दोनदा अर्ध्यावर सोडून पहिल्यापासून घेतलेली देवीची आरती. इतक्या लांब पट्टीवर मार्कर नसतील तर शोधाशोध करण्यातच दिवस जातो.

आम्ही रीपर हे मुद्रणाचं सॉफ्टवेअर वापरतो. मुद्रण चालू असताना ‘एम’ दाबलं की त्या क्षणाला खूण पडते. नाव लिहायला तेव्हा सवड नसते, नुसता क्रमांक पडतो. मुलाने त्या रात्री ६४ मार्कर टाकले: आरतीची सुरुवात, लय बदलली ती जागा, चूक, चांगला तुकडा, शेवट. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी पूर्ण ऐकून बहुतेकांना नावं दिली आणि थोडंफार मागेपुढे केलं. ऐकून बटण दाबेपर्यंत पाऊण-एक सेकंद जातोच, तेवढं मागे ओढावं लागतं. मग अकरा आरत्यांचे अकरा रीजन केले. मार्कर हा एक बिंदू असतो, तर रीजनला सुरुवात आणि शेवट दोन्ही असतात. रीजन केले की प्रत्येक आरतीची वेगळी फाइल एका झटक्यात काढता येते.

अडचण

पुढचं मिक्सिंग आणि सरावाचे तुकडे हे काम मी माझ्या सहायक मुलीकडे दिलं. ती चांगली पेटी वाजवते आणि तिचा कानही माझ्यापेक्षा तयार आहे. सोमवार ते गुरुवार ती कामाला होती. मी त्या आठवड्यात मडगावला एका लग्नाच्या कामात अडकलो होतो. गुरुवारी संध्याकाळी तिने अकरा फाइल काढल्या आणि मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकल्या.

शुक्रवारी सकाळी मास्तरांचा फोन.

“अरे, तुझी देवी महादेवाच्या पोटात शिरली की रे!”

मला आधी कळेना. मग फाइल उघडून ऐकली. ‘देवी’ नावाच्या फाइलमध्ये सुरुवातीला देवीच्या आरतीचा उत्तरार्ध होता, मग शेकवण्याची विश्रांती, एकाचं घसा खाकरणं, आणि महादेवाच्या आरतीची पहिली दोन कडवी. गणपतीच्या फाइलमध्ये पहिलं कडवंच नव्हतं. अकराव्या फाइलमध्ये काहीच नव्हतं, नुसती शांतता.

“मास्तर, त्या फाइल पुसायला सांगा सगळ्यांना. सोमवारी नव्या देतो.”

“पोरांनी सराव सुरू केला रे काल रात्रीच.”

मी प्रोजेक्ट उघडला. आवाज जागच्या जागी होता. पहिली आरती ४ मिनिटं १२ सेकंदांवर सुरू होते, तिथेच सुरू होत होती. तिचा मार्कर मात्र ५ मिनिटं १५ सेकंदांवर. पट्टी उजवीकडे सरकवत गेलो तर मुद्रण २ तास ३८ मिनिटांना संपलं आणि त्याच्याही पुढे, रिकाम्या जागेत, मार्करची रांग उभी. शेवटचा ३ तास १३ मिनिटांवर. म्हणजे आरती संपून माणसं घरी जाऊन झोपली, त्यानंतरचा.

सहायक म्हणाली, “दादा, त्या मुलाने मार्कर कसेही टाकलेत. शेवटच्या तीन आरत्यांना तर टाकलेच नाहीत, झोप लागली असणार त्याला. मीच नवे टाकले तिथे.”

काय झालं होतं

इथे मी पहिली चूक करणार होतो. मुलाला फोन लावून झाडायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मार्करची नावं आम्ही दोघांनी बसून दिली होती. मी स्वतः ऐकलं होतं, त्या दिवशी सगळे जागेवर होते. म्हणजे बिघाड नंतरचा.

मार्कर सरकतात तेव्हा सरकण्याची तऱ्हा बघावी. मी तीन ठिकाणी खरी जागा आणि मार्करची जागा कागदावर लिहिली. पहिल्या आरतीत फरक ६३ सेकंदांचा. तिसरी खरी ३१ मिनिटं २० सेकंदांवर, मार्कर ३९ मिनिटं १० सेकंदांवर, फरक ७ मिनिटं ५० सेकंद. शेवटचा मार्कर खरा २ तास ३४ मिनिटं २४ सेकंदांचा, फरक ३८ मिनिटं ३६ सेकंद.

फरक सगळीकडे सारखा असता तर कोणीतरी मध्ये रिकामा वेळ घातला किंवा कापला, असं म्हटलं असतं. अमुक जागेपर्यंत सगळं ठीक आणि तिथून पुढे सारखा फरक असता, तर त्या जागी काटछाट झाली असती. रिपल एडिटिंग (एक तुकडा कापला की पुढचं सगळं आपोआप सरकतं) चालू राहिलं की हे होतं. पण इथे फरक वेळेबरोबर वाढत होता. भागाकार केला: ३१५ भागिले २५२, सव्वा. २३५० भागिले १८८०, सव्वा. शेवटचाही सव्वा.

सव्वापट म्हटल्यावर मला टेम्पो, म्हणजे मिनिटाला किती मात्रा तो वेग, आठवला. नव्या प्रोजेक्टचा टेम्पो आमच्याकडे १२०चा असतो, आपण तो बदलला नाही तर तसाच राहतो. आम्ही क्लिक, म्हणजे लय धरून ठेवणारी टकटक, न लावता मुद्रण केलं होतं, त्यामुळे त्या १२०ला काही अर्थ नव्हता. आरतीची लय संथ सुरू होते आणि शेवटी दीडपटीच्या वर जाते, तिला कुठल्या क्लिकमध्ये बसवणार? आता मात्र प्रोजेक्टच्या टेम्पोच्या चौकटीत ९६ होते. १२० भागिले ९६, सव्वा.

“टेम्पो तू बदललास?”

“हो, मंगळवारी. मुलांच्या सरावाला पहिल्या कडव्यामागे क्लिक द्यायची होती. सुरुवातीची लय ९६च्या आसपास आहे. पण दादा, आवाज तर हलला नाही ना?”

तो नव्हता हलला, आणि खरी गोम तिथेच होती. रीपरमध्ये टेम्पो बदलल्यावर एखादी गोष्ट घड्याळाच्या वेळेला चिकटून राहणार की मात्रांना, हे टाइमबेस ठरवतो. पूर्ण प्रोजेक्टचा एक टाइमबेस असतो, आणि हवा तर प्रत्येक ट्रॅकला वेगळा देता येतो. मुद्रणाच्या रात्री मी सवयीने आठही ट्रॅक ‘टाइम’वर ठेवले होते, म्हणजे कोणी टेम्पोला हात लावला तरी आवाज ताणला जाऊ नये. मार्कर आणि रीजन मात्र ट्रॅकवर नसतात, ते प्रोजेक्टचं ऐकतात, आणि प्रोजेक्ट ‘बीट्स’वर होता.

तिसऱ्या आरतीचा मार्कर ९४१व्या मापाच्या सुरुवातीला होता. १२०च्या टेम्पोत चार मात्रांचं एक माप दोन सेकंदांचं, म्हणून ९४० मापं म्हणजे १८८० सेकंद. ९६ला तेच माप अडीच सेकंदांचं होतं, ९४० मापं म्हणजे २३५० सेकंद. मार्कर आपल्या मापावर प्रामाणिकपणे बसून राहिला आणि मापच लांबलं. रीजनची लांबीही तशीच वाढली, ११ मिनिटं ३६ सेकंदांची आरती १४ मिनिटं ३० सेकंदांची झाली. सॉफ्टवेअरने सांगितलं तेच केलं. अर्धी काळजी मी घेतली आणि त्या अर्ध्या काळजीने बिघाड झाकून ठेवला. मी ट्रॅकही तसेच सोडले असते तर मंगळवारी टेम्पो बदलताक्षणी घुमट रेंगाळलं असतं आणि तिने दोन सेकंदांत अनडू केलं असतं.

(मास्तरांना फोनवर “टेम्पो बदलल्यामुळे झालं” असं सांगितलं तर ते म्हणाले, “माइक आणलेस तो टेम्पो? त्याचा काय संबंध?” गोव्यात काय नि महाराष्ट्रात काय, टेम्पो म्हणजे आधी मालवाहू गाडी.)

ही भानगड एकट्या रीपरची नाही. प्रो टूल्स या सॉफ्टवेअरमध्ये मेमरी लोकेशन (तिथला मार्कर) टाकताना ते मापाला बांधायचं की घड्याळाच्या पक्क्या वेळेला, हे निवडता येतं. क्यूबेसचा मार्कर ट्रॅक दोन्हींपैकी एका पद्धतीवर ठेवता येतो. लॉजिकमध्ये मार्कर एसएमपीटीई, म्हणजे घड्याळाच्या, वेळेला कुलूपबंद करता येतो. एबलटन लाइव्हचे लोकेटर मात्रांवरच बसतात. ऑडॅसिटीची लेबलं बाहेर काढली तर फाइलमध्ये सरळ सेकंद मिळतात. नावं निराळी असली तरी प्रश्न सगळीकडे एकच आहे.

आता मार्करचे तीन गट पडले होते. जुने आणि सरकलेले ५५. जुनेच, पण ‘चुकीचे’ वाटले म्हणून सहायकाने हाताने ओढून जागेवर आणलेले ९, हे सगळे पहिल्या आरतीतले. आणि तिने मंगळवारनंतर नव्याने टाकलेले २३, बहुतेक शेवटच्या तीन आरत्यांत, कारण तिथले जुने मार्कर तिला दिसलेच नव्हते, ते मुद्रणाबाहेर पळाले होते. हे २३ बरोबर होते. मिळून ८७, शिवाय सरकलेले अकरा रीजन.

पर्याय

पहिला पर्याय अनडूचा. प्रोजेक्ट दरम्यान चारदा बंद झाला होता. अनडूचा इतिहास प्रोजेक्टसोबत साठवण्याची सोय आहे, पण आम्ही ती चालू केलेली नव्हती. हा पर्याय तिथेच संपला.

दुसरा, सोमवार सकाळच्या बॅकअप फाइलवर परत जायचं. रीपर आधीच्या सेव्हची ‘आरपीपी-बॅक’ फाइल ठेवतो, आणि आम्ही रोज सकाळी प्रोजेक्टची प्रत वेगळी काढतो, त्यामुळे ती होती. पण चार दिवसांचं मिक्सिंग त्यात नव्हतं. घुमटाचा घुमारा तिने इतका छान वर आणला होता की तो टाकून देणं माझ्या जिवावर आलं.

तिसरा सगळ्यात मोहात पाडणारा होता: टेम्पो परत १२० करायचा. एक आकडा टंकला की ५५ मार्कर आणि अकरा रीजन क्षणात घरी. मी जवळजवळ केलंच होतं. सहायकाने हात धरला. “मग माझे तेवीस कुठे जातील?” ते आपल्या खऱ्या वेळेच्या चार पंचमांशावर गेले असते, आणि हाताने ओढलेले नऊही. एक घोळ निस्तरून दुसरा उभा राहिला असता, आणि या वेळी तो विरुद्ध दिशेचा असता.

चौथा, सगळे पुसायचे आणि पुन्हा ऐकून टाकायचे. नुसतं ऐकायलाच अडीच तासांच्या वर. थांबत, मागे जात, नावं देत, पूर्ण दिवस गेला असता. हमखास उपाय, पण कंटाळवाणा. आणि मुद्रणाच्या रात्री मुलाने प्रत्यक्ष बघून टाकलेल्या काही खुणा नुसत्या ऐकून कळल्या नसत्या.

पाचवा, मार्करची यादी बाहेर काढायची, कागदी हिशेबासारखी दुरुस्त करायची आणि परत आत घालायची. आम्ही हा घेतला. मोह तिसऱ्याचा होता, भीती चौथ्याची, आणि पाचवा आम्हा दोघांनाही तोवर कधी करावा लागला नव्हता.

काय केलं

सर्वांत आधी प्रोजेक्टची प्रत काढली. मूळ फाइल बंद करून बाजूला.

मग रीजन-मार्कर मॅनेजरमधून चालू प्रोजेक्टची यादी सीएसव्ही, म्हणजे स्प्रेडशीटमध्ये उघडणारी फाइल, म्हणून काढली. सोमवारचा बॅकअप दुसऱ्या टॅबमध्ये उघडून त्याचीही काढली. दोन्ही स्प्रेडशीटमध्ये शेजारी लावल्या आणि वजाबाकी केली. उत्तर शून्य! ५५ ओळींत शून्यच शून्य. म्हणजे मार्कर सरकलेच नाहीत? आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. तासभर गेला त्यात. दरम्यान वीज गेली, आली, चहा झाला.

मग लक्षात आलं. यादीतले आकडे मापांचे होते. वरचा रूलर, म्हणजे वेळ दाखवणारी पट्टी, माप-मात्रांवर होता, म्हणून यादीही मापांत निघाली. आणि मापांत तर काहीच बदललं नव्हतं. ९४१वं माप तेव्हाही ९४१वंच आणि आताही ९४१वंच. खरं तर निदान बरोबर असल्याची याहून मोठी खात्री नव्हती, फक्त तास घालवल्यावर ती आनंदाने घेता आली नाही.

रूलर सेकंदांवर आणून दोन्ही याद्या पुन्हा काढल्या. मिनिटं-सेकंद नाही, नुसते सेकंद. ‘३१:२०’ असं लिहिलं की स्प्रेडशीट त्याचा अर्थ आपल्या मनाने लावतो, कधी तास-मिनिटं समजतो. १८८० मध्ये गैरसमजाला जागा नाही.

मग एक स्तंभ वाढवला: चालू जागा भागिले जुनी जागा. उत्तर १.२५ आलं ती ओळ सरकलेली. १.२५ सोडून दुसरं काही आलं ती हाताने ओढलेली. जुन्या यादीत जोडीदारच नाही ती नवी. दहा मिनिटांत तीनही गट आपोआप वेगळे झाले. सरकलेल्या ५५ ओळींना १.२५ने भागलं आणि निकाल बॅकअपशी ताडून पाहिला, तिसऱ्या दशांशापर्यंत जुळला. रीजनच्या सुरुवातीला आणि शेवटाला तोच हिशेब. नव्या २३ ओळींना हात लावला नाही.

हाताने ओढलेल्या नवांचा प्रश्न गणिताचा नव्हता. मूळ जागा आणि सहायकाने दिलेली जागा यांत कुठे अर्धा सेकंद, कुठे दीड सेकंद फरक होता. कोणाची बरोबर? इथे कानच लागणार. नऊच्या नऊ ऐकले. सहा ठिकाणी तिची जागा अधिक नेमकी, ती थेट समेवर ठेवते. तीन ठिकाणी मुलाची बरी, कारण त्याने समेच्या आधी उचललेली शामेळची काठी धरली होती. तुकडा कापताना ती आत यायला हवी, नाहीतर सुरुवात मुंडकं छाटल्यासारखी वाटते.

यादी परत आत घालण्याआधी प्रोजेक्टचा टाइमबेस ‘टाइम’ केला. हा क्रम महत्त्वाचा होता. जुने मार्कर आणि रीजन सगळे काढले, दुरुस्त यादी आत घेतली. मग प्रतीच्या प्रतीवर मुद्दाम टेम्पो ६० केला, १८० केला. मार्कर ढिम्म हलले नाहीत. पुन्हा ९६ केला.

बाहेरचा पुरावा मात्र अनपेक्षित ठिकाणाहून मिळाला. मंडळातले एक निवृत्त शिक्षक त्या रात्री खांबाला टेकून बसले होते. त्यांनी आपल्या आरतीच्या वहीत प्रत्येक आरतीसमोर शिसपेन्सिलीने घड्याळाची वेळ टिपून ठेवली होती. का, तर सवय. मास्तरांनी वहीच्या पानाचा फोटो पाठवला. तिसऱ्या आरतीसमोर ११.१० असं लिहिलेलं. १० वाजून ४० मिनिटांत ३१ मिनिटं मिळवली की ११ वाजून ११ मिनिटं. अकराही आरत्या मिनिटा-दोन मिनिटांच्या आत जुळल्या.

निकाल

शुक्रवारी सकाळी अकराला बसलो ते साडेतीनला उठलो. साडेचार तास, त्यातला एक शून्यांकडे बघण्यात गेलेला. नव्या अकरा फाइल काढून प्रत्येकीचे पहिले आणि शेवटचे दहा सेकंद ऐकले. गुरुवारी एवढं जरी केलं असतं तरी मास्तरांचा फोन आला नसता. सोमवारचा वायदा होता, शनिवारीच फाइल गेल्या. चवथीला तेव्हा नऊ दिवस होते.

मास्तरांना सव्वापटीचा प्रकार समजावला तर ते हसले. “सव्वा म्हणजे शुभच की रे. देवाला सव्वा रुपया ठेवतात.” आधी फाइल घेतलेल्या दोघातिघा पोरांनी मात्र देवीनंतर लगेच महादेव असाच सराव केला होता, आणि चवथीच्या रात्री एकाने खरंच मध्येच सूर लावला म्हणतात. ते माझ्या खात्यात.

वेगळं काय करता आलं असतं

मला सर्वांत जास्त टोचतो तो मुद्रणाच्या रात्रीचा निर्णय. क्लिक नसलेल्या, लय चढत जाणाऱ्या मुद्रणात मार्कर मापांना बांधण्यात काहीच हशील नव्हतं. पहिला मार्कर टाकण्याआधीच प्रोजेक्टचा टाइमबेस ‘टाइम’ करायला हवा होता. आता आरती, भजन, नाटक यांच्यासाठी एक रिकामा साचा करून ठेवला आहे, त्यात हे आधीच केलेलं असतं. क्लिकवर बांधलेल्या गाण्यांचा साचा वेगळा, तिथे मार्कर मापांवरच हवेत, कारण गाणं दोन आकड्यांनी जलद केलं की मुखड्याची खूण मुखड्यासोबत यायलाच हवी. दोन्ही कामांना एकच नियम लावता येत नाही, मी तो आळसाने लावला होता.

सरावाची क्लिक मूळ प्रोजेक्टमध्ये बनवायला नको होती. पहिली आरती वेगळ्या प्रोजेक्टमध्ये नेऊन, प्रत्येक समेवर टेम्पोची खूण टाकून क्लिकच आरतीमागे धावेल असं करता आलं असतं. सहायकाने नंतर तसं केलं. वेळ बराच लागला, पण मुलांना ९६च्या आखीव क्लिकपेक्षा ते फार सोपं गेलं. आखीव क्लिकवर आरती म्हणणारी मुलं कवायत केल्यासारखी म्हणतात.

कुलूप लावण्याबद्दल आमच्यात मतभेद आहे. लॉकिंगमध्ये मार्कर आणि रीजन बंद करता येतात, चुकून ओढले जात नाहीत. सहायकाला ते नेहमी चालू हवं. मला वाटतं, त्याने हाताची चूक थांबते, आमची चूक हाताची नव्हतीच. शिवाय कुलूप लावलेलं बघून माणूस निर्धास्त होतो, जसा मी आठ ट्रॅक ‘टाइम’वर ठेवून झालो होतो.

आणि नावं. क्रमांकाच्या मार्करकडे बघून सहायकाला कळायला मार्ग नव्हता की हा कोणी, कधी, कशासाठी टाकला. म्हणून ‘चुकीचा’ ठरवणं सोपं गेलं. आता पहिल्या ऐकण्यात एकही मार्कर बिननावाचा ठेवायचा नाही असं ठरलं आहे, आणि नावाआधी टाकणाऱ्याचं आद्याक्षर.

त्या ६४ मधला एक मार्कर मात्र अजूनही नुसता ‘३७’ आहे. आठव्या आरतीच्या मध्यावर, साडेबाराच्या सुमारास. दुरुस्तीच्या वेळी तो कशाचा हे आम्हा कोणालाच कळेना. शेवटी सहायकाने मुलाला फोन केला. तो झोपला होता असं ती चार जणांना बोलून गेली होती, त्याबद्दल आधी माफी मागितली, मग ३७ बद्दल विचारलं. तो बराच वेळ काही बोलेना. मग म्हणाला, “ताई, तिथे नीट ऐका. पेटी वीसेक सेकंद गायब आहे. पेटीवाल्या काकांना डुलकी लागली होती. नाव कसं लिहिणार?”

आम्ही ऐकलं. पेटी खरंच नाही. मिक्समध्ये शामेळ जरा वर केलं, आता कळत नाही. मार्करला नाव दिलेलं नाही.